जावयाचा डावा कान

कुत्रा कोणी बदलून नेऊ नये म्हणून मी त्याच्या डाव्या कानात बिब्याने अक्षर काढलं. अक्षर होतं 'ज', शिरोरेघेसकट.

बिबा म्हणजे काय हे आमच्या झाडीपट्टीत कोणाला सांगावं लागत नाही. जंगलातून तो टोपल्या भरून येतो, धोबी त्याच्या तेलाने कपड्यांवर न जाणारी खूण करतो, बायका टाचेच्या भेगांत भरतात, आणि ज्याच्या अंगाला तो मानवत नाही त्याचं कातडं दीड-दोन दिवसांनी असं फुगतं की सख्खी आई ओळखत नाही. याला 'बिबा उतला' म्हणतात. हे सगळं मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. तरी मी ते केलं, आणि केल्यावर ते माझ्या डोक्यातून असं साफ निघून गेलं की पुढचे दोन दिवस मी दिसेल त्या माणसावर संशय घेत हिंडलो. त्या बिब्याची मात्र मला आठवणसुद्धा झाली नाही. आता या वयात चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतो तेव्हा बायको म्हणते, म्हातारपण आलं. मी तिला सांगत नाही की हे माझं विसाव्या वर्षापासूनचंच आहे.

तेव्हा मी कुरखेड्याला मामा-मामीकडे राहत होतो. बारावीत दरवर्षी आपटत होतो, आणि वडिलांचं मत असं की मामाच्या घरी पोरंबाळं नाहीत, शांतता आहे, तिथे अभ्यास होईल. शांतता कसली! घराच्या पाठीला पाठ लावून धानाची गिरणी होती. सुगी लागली की ती सकाळपासून धडधडायची आणि कोंडा इतका बारीक उडायचा की चहावर साय धरल्यासारखा बसायचा. मामी फुंकर मारायची, प्यायची. मामा लाकडाच्या डेपोत कारकून. बोलायचा कमी, आणि बोलला तर जेवताना. जेवण मात्र असं की अजून आठवलं की तोंडाला पाणी सुटतं: लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, जवसाची चटणी, आणि रविवारी नदीची मासळी. मामी उंच, हाडापेराने मोठी, आवाज गिरणीवर मात करणारा. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण तिच्याशी व्यवहारात कोणी जिंकल्याचं गावात ऐकिवात नव्हतं.

आणि घरात होता जावई. एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्यांनी अल्सेशियनचं दीड महिन्याचं पिल्लू, त्याच्या खानदानाचा कागद जोडून, मामाच्या हवाली केलं. कागदावर त्याचं नाव बॅरन होतं आणि त्याखाली त्याच्या आज्या-पणज्यांची इंग्रजी नावं होती. मामीने दोनदा 'बॅरन' म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं. पिल्लू दुसऱ्याच दिवशी मामाच्या खाटेवर चढून झोपलं, उठून खायला मागितलं आणि खाऊन पुन्हा झोपलं. मामी म्हणाली, "हा तं जावई हाय." नाव पडलं ते पडलंच. शेजारणी विचारायच्या, "लेक नाई अन् जावई कुठून आला वो बाई?" मामी म्हणायची, "डायरेक्ट आला. लग्नाचा खर्च वाचला."

जावयाला सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी ताक, संध्याकाळी कनकीच्या, म्हणजे तुकडा तांदळाच्या, भातात खिमा. मामा आपल्या ताटातल्या वरणाकडे बघत एकदाच बोलला होता, "मी खराखुरा जावई होतो तवा माया सासऱ्यानं मले अंडं नाई देल्लं." मामी म्हणाली, "तुमचा कान कधी उभा होता काय?"

कान हाच जावयाचा दागिना. ताठ, टोकदार, आत गुलाबी. अल्सेशियनचे कान उभे पाहिजेत, पाठ उतरती पाहिजे, चाल लांब पाहिजे, हे मामीला त्या साहेबांनी बदलीच्या गावाहून एकदा मुद्दाम येऊन समजावलं आणि 'याला शोमध्ये न्या' म्हणून सांगितलं. शो म्हणजे काय हे मामीने नीट विचारून घेतलं. मग धान मळून झालेल्या मोकळ्या खळ्यात, जिथे बैल गोल फिरायचे तिथे, लुगड्याचा काष्टा खोचून आणि पायात माझे जुने कॅनव्हासचे बूट घालून ती जावयाला गोल पळवायला लागली. गाव बघायला जमलं. मामी पळता पळताच ओरडायची, "पाह्यता काय? तुमचे पोट्टे तरी असे पळतात काय?" दोन हिवाळे हे चाललं. नागपूरला पहिल्यांदा गेलो तेव्हा सुटाबुटातल्या, सेंट मारलेल्या लोकांच्या रांगेत मामी काष्ट्यावर उभी राहिली, जावई पुतळ्यासारखा थांबला, परीक्षकाने त्याचे दात बघितले, शेपटीखाली हात घालून जे बघायचं ते बघितलं (मामीने तेवढ्यापुरता पदर डोळ्यांवर ओढला), आणि पहिला नंबर, वर मानाचं सर्टिफिकेट दिलं. नंतर रायपूरला पुन्हा तेच.

आता नियम असा की तीन वेगवेगळ्या परीक्षकांनी मानाचं सर्टिफिकेट दिलं तर कुत्र्याच्या नावापुढे कायमचं 'चॅम्पियन' लागतं आणि तसा शिक्क्याचा कागद मालकाच्या नावाने येतो. मालक म्हणून मामीचं नाव लावलेलं होतं. रेशनकार्डावरही ती मामाच्या नावाखालीच होती. वर तिचं नाव आहे असा कागद घरात दुसरा नव्हता. ती हे बोलून दाखवणारी बाई नव्हती. फक्त रायपूरहून आल्यावर तिने जाहीर केलं, "तिसरं भेटेपर्यंत गोड बंद." आणि खरंच बंद केलं. पोळा गेला, दिवाळी गेली, तिने करंज्या तळल्या, आम्हाला वाढल्या, स्वतः चहासुद्धा बिनसाखरेचा पीत राहिली. जावयाच्या तोंडावर पांढरे केस दिसायला लागले होते. चंद्रपूरचा शो आला तेव्हा घरात कोणी मोठ्याने म्हटलं नाही, पण सगळ्यांना कळत होतं की हाच खरा मोका आहे.

मामाला गाडी लागायची, म्हणून मामीबरोबर जायचं काम माझं. मी स्वतःला मॅनेजर म्हणवून घेत असे. आणि मॅनेजरचं डोकं वडशाने बिघडवलेलं होतं. थंडीत वडशाला नाटकांचा हंगाम लागला की मी अभ्यासाची वही बगलेत मारून एसटीने तिकडे पोचायचो. त्या नाटकांनी मला जगाचे दोन नियम शिकवले: दुसऱ्या अंकात दुधात विष पडतं, आणि पाळण्यातलं लेकरू बदललं जातं, जे शेवटच्या अंकात मांडीवरच्या खुणेवरून सापडतं. त्यात भर म्हणून नागपूरच्या मैदानाबाहेर एका चहावाल्याने मला कानात सांगितलं होतं, "इथी लोक कुत्रे बदलून टाकतात भाऊ. सारखे दिसते. मालकाले घरी गेल्यावर पत्ता लागते." त्याने हे अर्ध्या चहाइतक्या वेळात सांगितलं. मी ते वर्षभर उगाळलं.

संशय कोणावर घ्यायचा तेही ठरलेलं होतं. ब्रह्मपुरीचे नंदनवार भाऊ. बारीक अंगाचे, मऊ बोलणारे, कपड्याचं दुकान असलेले गृहस्थ. त्यांचा सुलतान नावाचा अल्सेशियन रायपूरला जावयाच्या मागे दुसरा आला होता, आणि निकाल लागल्यावर नंदनवार हसले होते. हरलेला माणूस हसतो कसा? शिवाय त्यांनी मामीला विचारलं होतं, "बाई, याला खायला काय देता?" का विचारावं? मामीने सगळं सांगून टाकलं, कनकीपासून अंड्यापर्यंत. मी तिचा पदर ओढत होतो. सुलतान आणि जावई शेजारी उभे राहिले की गळ्यातला पट्टा सोडून फरक सांगणं कठीण, हे मी बघून ठेवलं.

म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी, मामी गिरणीत कनकी आणायला गेलेली असताना, मी तिच्या भेगांच्या डब्यातून एक बिबा काढला, दाभणावर टोचून चिमणीच्या ज्योतीवर धरला, तेल फसफसून वर आलं, आणि पोळीच्या तुकड्यावर जावयाला नादी लावून त्याच्या कानात खूण केली. जावयाने एकदा कान झटकला. तेलाचा शिंतोडा माझ्या बोटांवर आला, मी बोटं ओठाला पुसली की ओठ बोटांना, ते आता सांगता येत नाही. वर थोडा चुना लावला, धोबी लावतो तसा. काम झाल्यावर मला इतकं समाधान वाटलं की बारावीच्या एकाही पेपरनंतर वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीत कंडक्टरने जावयाकडे बघून विचारलं, "हा चावते काय?" मी त्याच्याकडेही बारकाईने पाहिलं. वडशाहून छोट्या लाईनच्या गाडीत आम्ही गार्डाच्या डब्यात बसलो; कुत्र्याला तिथेच जागा असते, आणि मामीने गार्डाला सांगितलं की जावई एकटा बसत नाही. बाहेर धान कापलेल्या शेतांची बांधी मागे जात होती. जावई दाराशी नाक काढून सगळ्या मुलखाचा वास घेत होता. ब्रह्मपुरीला नंदनवार सुलतानला घेऊन त्याच डब्यात चढले. मी जावयाची साखळी मनगटाला दोन वेढे मारून घेतली.

"बाई, आधी तोंड गोड करा," म्हणत त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. "पोरीचं जमलं."

"अरे वा! कुठी देल्ली?"

"गोंदियाला. पोरगा मास्तर आहे."

"लय चांगलं झालं, भाऊ," मामी म्हणाली. "पण माह्यं गोड बंद हाय. याचं तिसरं भेटलं का मंग खाईन." तिने पेढा कागदात गुंडाळून पदराच्या गाठीला बांधला. "मामाले देईन याच्या."

नंदनवारांनी मला पेढा दिला. इथे माझ्यातल्या गुप्तहेराने थांबायला हवं होतं. पण पेढा वेलचीचा होता. मी खाल्ला, आणखी एक मागितला, त्यातला चतकोर जावयाने माझ्या हातून पळवला. नंदनवार हसले. मी मनात नोंद केली: पुन्हा हसला.

चंद्रपूरला आम्ही धर्मशाळेत उतरलो. मध्ये एक सांगतो. आजकाल चंद्रपुरातच माझ्या मुलाच्या शेजारी बर्फातल्या जातीचा एक कुत्रा आहे, निळ्या डोळ्यांचा. उन्हाळ्यात गावातली माणसं भाजून निघतात तेव्हा तो एसी लावलेल्या खोलीत असतो, आणि त्याचे केस कापायला माणूस घरी येतो. आमच्या जावयाला धर्मशाळेच्या विहिरीवर मामीने रिठ्याने आंघोळ घातली आणि स्वतःच्या लुगड्याने पुसलं. तेव्हाच ती म्हणाली, "वसंता, हा मान काऊन झटकून राह्यला रे?" मी म्हटलं, पाणी गेलं असेल.

सकाळी उठलो तर ओठ माझा वाटेना. वरचा ओठ नाकाला भेटायला निघाला होता. उजव्या हाताच्या दोन बोटांवर पाण्याचे फोड होते. आरशासमोर उभा राहून मी विचार केला, आणि त्या विचाराचा मला आजही एक प्रकारचा अभिमान वाटतो, इतका तो नीटनेटका होता. पेढा मी खाल्ला. ओठ माझा सुजला. पेढा ज्या बोटांनी धरला तीच बोटं फुटली. पेढा जावयाने खाल्ला आणि जावई अस्वस्थ. मामीने खाल्ला नाही आणि मामी ठणठणीत. आणखी काय पुरावा पाहिजे? हात मी खिशात घातला आणि तोंडाला मफलर गुंडाळला. मामीला सांगितलं नाही, कारण नाटकात जो आधीच बोलतो तो दुसऱ्या अंकात मरतो.

मैदानावर पोचलो. चुन्याने आखलेली रिंगणं, कनाती, लाउडस्पीकरवर कोणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं, आणि चहूकडून हरेक जातीचं भुंकणं. आत जाण्याआधी फाटकाशी जनावरांचे डॉक्टर टेबल टाकून एकेक कुत्रा तपासत होते. आम्ही रांगेत उभे राहिलो, आमच्या मागे नंदनवार. तिथे मामी अचानक म्हणाली, "वसंता! कान पाह्य."

जावयाचा डावा कान मोडला होता. उजवा ताठ, आणि डावा मधूनच दुमडून डोळ्यावर आलेला, वाळलेल्या पानासारखा. मामीने हाताने उभा केला, तो पुन्हा पडला. तिने पुन्हा उभा केला. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसून नुसती त्या कानाला टेकू देत राहिली, जसा घराचा वासा सरकला तर माणूस हाताने धरून उभा राहतो.

"काय झालं बाई?" नंदनवार पुढे वाकले. आणि मला वाटलं, हीच ती वेळ.

"हात लावू नका!" मी ओरडलो. ओठामुळे ते 'हाफ लाऊ नका' असं काहीतरी निघालं असणार, पण आवाज मोठा होता, लोक वळले. "यानं विष देल्लं! पेढ्यात! कुत्र्यालेही अन् मलेही!" आणि पुरावा म्हणून मी सगळ्यांसमोर मफलर खाली ओढला आणि दोन बोटं वर केली.

गर्दीतून 'अरे बापा' असा एक आवाज आला. एका लहान मुलीने आईच्या मागे तोंड लपवलं. नंदनवारांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "पोरा, त्यातलेच पेढे मी व्याह्यांकडे पाठवले रे." लोक कुजबुजायला लागले. 'काही सांगता येत नाई, असं करतात लोक' असं कोणी तरी म्हणालंच. संशयाला कधी पाहुण्यांची कमी पडत नाही. त्यांनी सुलतानची साखळी आखडून जवळ घेतली, आणि मला वाटलं, सापडला.

मामी उठली. माझ्या ओठाकडे तिने नीट पाहिलं. मग बोटांकडे. मग ती पदराची गाठ सोडायला लागली.

"मामी, काय करतेस?"

तिने कागद उलगडला. पेढा जरा चपटा झाला होता.

"मामी, थुंक! मामी!"

तिने अख्खा पेढा तोंडात टाकला. सावकाश चावला. सगळे बघत होते. पोळा, दिवाळी, बिनसाखरेचा चहा, सगळं तिने त्या एका घासात गिळलं, आणि ओठ पुसून नंदनवारांना म्हणाली, "मुलगी सुखात राहीन तुमची, भाऊ." मग डॉक्टरांकडे वळली. "आता कान पाहा साहेब. आतून पाहा."

डॉक्टरांनी कान उलटा केला. आतून लालभडक झाला होता, सुजून जाड. त्यांनी चष्मा सरसावला, मान तिरपी केली, आणि म्हणाले, "इथे काळं काही आहे. थांबा. हे तर अक्षर आहे! 'ज' लिहिलाय कोणीतरी."

बॅरनला 'जावई' म्हणणारी माणसं त्या मैदानात दोनच होती, आणि त्यातल्या एकीला लिहिता येत नव्हतं.

"बिबा," मामी म्हणाली. मला नव्हे, डॉक्टरांना. "याच्या तोंडावरही तोच उतला हाय."

त्या क्षणी मला बिबा आठवला. दाभण, चिमणी, चुना, सगळं एकदम. मी मफलर पुन्हा वर घेतला. गर्दी हसायला लागली ती थांबेचना. लाउडस्पीकरवाल्यानेही 'हॅलो' म्हणायचं थांबवून काय झालं ते विचारलं. नंदनवार हसले नाहीत. मला वर्षभर त्यांच्या हसण्याचा संशय होता, आणि हसायला इतकं कारण असताना ते हसले नाहीत. त्यांनी जाऊन कुठून तरी ओलं खोबरं आणलं. बिब्यावर खोबरं हाच उतारा. मामीने ते दगडावर ठेचून जावयाच्या कानाला लावलं. उरलेलं चमचाभर माझ्या हातावर आपटलं.

डॉक्टर म्हणाले, रोग नाही, आत न्यायला हरकत नाही. पण कान आज उभा राहणार नाही, बाई. तुमची मर्जी. मला वाटलं ती परत फिरेल. तिने काष्टा खोचला, बुटाची नाडी बांधली आणि आत गेली.

परीक्षक हैदराबादकडचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी सगळे कुत्रे पाहिले, जावयापाशी थांबले, पाठ पाहिली, पुन्हा पाहिली. मग खोबऱ्याने माखलेल्या कानाकडे बोट करून म्हणाले, "बहनजी, ये क्या?"

मामी तिच्या हिंदीत म्हणाली, "कान गिऱ्या है साहेब. कुत्ता नई गिऱ्या."

आणि मग ती पळाली. मी कनातीच्या दोरीला धरून बघत होतो. खळ्यात पळायची तशीच, साखळी सैल, मान वर. जावई तिच्या बाजूने असा लांब, पाणी वाहावं तसा निघाला की रिंगणाबाहेरचे लोक बोलायचे थांबले. दुमडलेला कान प्रत्येक पावलाला हलत होता. परीक्षकांनी त्याला आणि सुलतानला आणखी एकदा पळवलं, मग आणखी एकदा. बराच वेळ ते मिशीवरून हात फिरवत राहिले. शेवटी त्यांनी सुलतानकडे बोट केलं. जावई दुसरा. सर्टिफिकेट नंदनवारांना गेलं.

जावयाचा कान महिनाभरात उभा राहिला, अक्षरासकट. पुढच्या हिवाळ्यात नागपूरला त्याने तिसरं मिळवलं, आणि शिक्क्याचा कागद मामीच्या नावाने आला. मामाने तो काचेत बसवून गणपतीच्या शेजारी लावला, मामी गेल्यावरही तो तिथेच आहे. हे मी ऐकून सांगतो, कारण त्या वेळी मला कुरखेड्यालाच ठेवलं होतं, बाहेरून कुलूप लावायचं तेवढं बाकी होतं. मी बारावी त्याच वर्षी सुटलो. घरात त्या निकालाबद्दल कोणी फारसं बोललं नाही. पेढे वाटायचा विषय निघाला तेव्हा मामा फक्त खोकला.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही चंद्रपूरच्या फलाटावर बसलो होतो. मामी पेटीवर, तिच्या पायावर मान टाकून जावई, आणि मी दोन हात लांब, मफलरमध्ये. नंदनवार आले, सुलतानला घेऊन तिच्या शेजारी बसले.

"तुमचं व्रत मोडलं, बाई. माझ्यापायी."

"पेढा चांगला होता," मामी म्हणाली.

मी उठलो, त्यांच्या पाया पडलो. सुजलेल्या तोंडाने माफी मागितली. ती त्यांना कितपत कळली देव जाणे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नाटकात असता तर हा माणूस नायिकेचा बाप असता, आणि मी त्याला खलनायकाचं काम देऊन बसलो होतो. मग ते मामीला म्हणाले, "पोरगं आहे, बाई. पुढच्या खेपेलाही आणा याला. शिकेल हळूहळू."

मामीने जावयाच्या कानाखाली हात घालून तो जरा वर उचलून पाहिला. तो पुन्हा पडला.

"कुत्र्याले शिकवाले मले दोन हिवाळे लागले, भाऊ," ती म्हणाली. "याच्यासाठी तेवढे हिवाळे नाई राह्यले मायाजवळ."